कैलासपतीचे दहा दिवस

गंगापूर रोडवरच्या त्या कॉलेजात नवसाबाई लागली ती त्र्याण्णव साली, आणि लागली तीच मुळी भलत्या झाडाखाली बसून. पेठकडची बाई. पावसाळ्यात घरची नागली आणि भात, बाकीचे दिवस नवरा नेईल तिथे काम. नवरा देवराम सातपूरला एका वर्कशॉपमध्ये मदतनीस झाला, तशी हिने द्राक्षबागेतली मजुरी सोडून कॉलेजच्या बागेत रोजंदारी धरली. पहिल्याच दिवशी तिने पोरीची झोळी बांधली ती फाटकाजवळच्या कैलासपतीला. सावली दाट, खोड जाडजूड, शेजारी पाण्याचा नळ. आणखी काय पाहिजे?

दुपारी धप्प करून आवाज झाला. झोळीपासून दोन हातांवर भोपळ्याएवढं तपकिरी फळ पडून फुटलं होतं. आतला गर बघता बघता निळसर पडला आणि असा वास सुटला की नवसाबाईने आधी पोर उचलली, मग नाक धरलं. वॉचमन म्हणाला, "बाई, हे तोफगोळ्याचं झाड आहे. इथे बसायचं नसतं." हे त्याने सकाळी सांगितलं असतं तर त्याचं काय बिघडलं असतं, देव जाणे.

दुसरी एखादी बाई त्या झाडाकडे पाठ करून गेली असती. नवसाबाईचं उलटं झालं. ज्याने आपली पोर दोन हातांनी वाचवली त्या झाडावर आपली नजर पाहिजे, असं तिने ठरवलं. मारणाऱ्याची नाही, वाचवणाऱ्याची बाजू तिने धरली. ती आहेच तशी. एकदा मनात घेतलं की घेतलं.

वनस्पतिशास्त्राच्या मोहिनी मॅडम तेव्हा कॉलेजात नव्याच होत्या. त्या पोरांना घेऊन झाडाखाली यायच्या आणि नवसाबाई खुरपं थांबवून ऐकायची. या झाडाची फुलं फांदीला येत नाहीत, थेट खोडातून फुटलेल्या लांब लांब दांड्यांना येतात. फूल केवढं, तळहाताएवढं. मऊ लालगुलाबी पाकळ्या, मधे शाळुंका आणि वर नागाने फणा धरावा तसा परागांचा झुपका. म्हणून तर त्याचं नाव कैलासपती. वॉचमनच्या मते हे झाड हिमालयातून आलेलं होतं. मॅडमनी सांगितलं, "नाही हो, हे दक्षिण अमेरिकेतलं. तिकडच्या जंगलातलं. तिथे रानडुकरं याची फळं फोडून खातात आणि बिया लांबवर नेतात." वॉचमनला ते फारसं रुचलं नाही. महादेवाच्या झाडाचं माहेर डुकरांच्या रानात निघावं हे त्याला पटेना.

"आणि या फुलात मध नसतोच," मॅडम सांगत होत्या. "भुंगा येतो तो पराग खायला. पण पराग दोन तऱ्हेचे. वरच्या फण्यातला नुसता खाण्यापुरता, त्याने बी धरत नाही. खालच्या, शाळुंकेभोवतीच्या कड्यातला खरा. भुंगा फण्यातलं खात बसतो आणि त्याच्या पाठीला कड्यातला लागतो."

"म्हंजी पंगत येगळी आन् सोयरीक येगळी," नवसाबाई म्हणाली.

पोरं खो खो हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. तेव्हापासून दोघींचं जमलं.

फळ धरल्यापासून पिकून पडायला सव्वा ते दीड वर्ष लागतं, हेही मॅडमनीच सांगितलं. नवसाबाईला लिहिता येत नव्हतं, पण हिशेब ठेवायला लिहिताच आलं पाहिजे असं थोडंच आहे? तिने जुन्या लुगड्यांच्या चिंध्या काढल्या. चैत्रात धरलेल्या फळाच्या देठाला पिवळी, आषाढातल्याला हिरवी, दिवाळीतल्याला लाल. चिंधी उन्हापावसाने विटली, फळाचा रंग करडा झाला, की बांबूला आकडी आणि जाळी लावून ती फळ अलगद खाली घ्यायची. नऊ वर्षांत त्या झाडाचं एकही फळ आपणहून खाली पडलं नाही. कॉलेजला याचा पत्ताही नव्हता. न घडलेल्या अपघाताची दखल कोण घेतो?

झाडाची आणखी एक खोड होती. वर्षातून एकदा, कधी दोनदा, ते सगळी पानं टाकून द्यायचं. दोन-तीन दिवसांत हिरवंगार झाड नागडं. नवं माणूस घाबरायचं. नवसाबाई म्हणायची, "उपासाला बसलंय." आठव्या दिवशी, लांबलं तर नवव्या दिवशी, झाड पुन्हा कोवळ्या पानांनी भरून जायचं.

घोटाळा झाला तो चिंध्यांमुळे. फाटकातून येणाऱ्या-जाणाऱ्या बायाबापड्यांनी त्या पाहिल्या. झाड कैलासपतीचं, देठांना चिंध्या, आणि बांधणारीचं नाव काय तर नवसाबाई! मग काय विचारता. हे नवसाचं झाड, असं कुणीतरी म्हणालं आणि गंगापूर रोडभर झालं. परीक्षेसाठी, लग्नासाठी, बदलीसाठी लोक देठांना लाल चिंध्या आणि नाडे बांधून जाऊ लागले. नवसाबाई ओरडायची, "अवं, नवस नाय त्यो, माझा हिशेब हाय!" पण भक्ताला समजावणं सोपं का असतं? दोन हजार दोनच्या महाशिवरात्रीला तर खोड दिसेना इतकं लाल झालं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात तिची आई पेठला वारली.

जाताना तिने वॉचमनला बजावलं होतं, "इटलेल्या लाल चिंधीची दोन फळं हायती, तेवढी आकडीनं काढ." त्याने वर पाहिलं तर दीडशे लाल चिंध्या. त्याने हात टेकले. नवसाबाई तिकडे आईच्या दिवसांना बसलेली असताना इकडे एक फळ सुटलं आणि पहिल्या वर्षाच्या एका मुलीच्या स्कूटीच्या सीटवर आदळलं. मुलगी नुकतीच गाडीवरून उतरून हेल्मेट काढत होती. सीटचा चुराडा झाला. मुलीला खरचटलंही नाही, पण ती तासभर बोलू शकली नाही.

प्राचार्य गेल्याच जूनमध्ये बदलून आलेले, माणूस शिस्तीचा. ते दुष्ट नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. त्यांनाही मुली होत्या. त्यांनी हुकूम काढला, खोडावरची फुलाफळांची एकूण एक दांडी छाटून टाकायची. नवसाबाई परत आली ती थेट या कामावर. तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "झाड राहू दे म्हणतायत, एवढं तर करावंच लागेल." मग नवसाबाईने कोयता घेतला आणि दिवसभर एकेक दांडी छाटली. कळ्या, फुलं, मुठीएवढी फळं, सगळं खाली. संध्याकाळी खोडावर वरपासून खालपर्यंत नुसते पांढरे वण उरले. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. आईला जाऊन पंधरा दिवस झाले होते आणि रडायचं ते ती आत्ता रडली.

एप्रिल लागला आणि झाडाने पानं टाकली. मंगळवारी शेवटचं पान पडलं.

मोहिनी मॅडम परीक्षेच्या कामाला बाहेरगावी गेल्या होत्या. बुधवारी संस्थेची तीन माणसं कागद घेऊन आली. फाटकाजवळ गाड्यांसाठी शेड घालायची होती आणि झाड मधे येत होतं. जितं झाड तोडायला परवानगी मिळणं अवघड, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी नवसाबाईला हाक मारली.

"बाई, झाडावर पान आहे का?"

"एक नाय."

"फूल?"

"नाय."

"फळं पडतात?"

"पडत्यात की. म्हून तर मी काढिते."

एकाने कागद भरभर वाचला. "सदर वृक्ष पूर्णतः वठलेला असून, वगैरे वगैरे." कागदावरचं मराठी नवसाबाईला तसंही समजायचं नाही. आपण बोललो ते खरंच बोललो, मग भ्यायचं कशाला? तिने शाईत अंगठा बुडवला आणि दाखवलं तिथे उमटवला.

शनिवारी मॅडम आल्या. ऑफिसातून कागदाची प्रत घेऊन त्या बागेत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"नवसाबाई, वठलेला म्हणजे काय, माहिती आहे?"

"काय?"

"मेलेला. झाड मेलंय असं लिहिलंय यात. आणि खाली तुमचा अंगठा आहे. पुढच्या शुक्रवारी तोडणार आहेत."

नवसाबाईने हात डोळ्यांसमोर धरला. तिने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. नखाच्या कडेला अजून निळी शाई होती.

दोघी प्राचार्यांकडे गेल्या. मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. हे झाड पानं टाकतंच, आठ-नऊ दिवसांत पुन्हा येतात, त्याच्या मूळच्या जंगलातही ते असंच वागतं. प्राचार्यांनी ऐकून घेतलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणता ते पुस्तकात असेल. पण रोज झाडापाशी असणाऱ्या बाईचाच अंगठा आहे. शेंडा खरोखर मेला असेल आणि फांदी कुणाच्या डोक्यात पडली तर? एकदा देवाने वाचवलं." मग त्यांना नवसाबाईचा चेहरा दिसला असावा. "ठीक आहे. शुक्रवारी सकाळी दहापर्यंत मला या झाडाचं एक पान दाखवा. एक. मी शब्द देतो, झाडाला हात लागणार नाही."

एक पान! नवसाबाईला वाटलं, एवढंच ना? मंगळवारपासून आठवा दिवस म्हणजे बुधवार. दोन दिवस हातात ठेवूनच झाड पालवणार. रविवारी तिने नखाने साल खरवडून पाहिली. खाली हिरवं होतं. सोमवारी पुन्हा खरवडली. मंगळवारी मान दुखेपर्यंत वर पाहिलं. फांद्या आभाळात काड्या खोचल्यासारख्या उभ्या. ऊन मी म्हणत होतं.

बुधवार आला. काही नाही.

आता तिचा जीव टांगणीला लागला. मॅडम दुर्बीण घेऊन आल्या, पण शेंडे उंच आणि मागे भक्क ऊन. कळी आहे की गाठ आहे ते त्यांनाही सांगता येईना. "थोडं पुढेमागे होतं," मॅडम म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. नवसाबाईने विचारलं, "मॅडम, दांड्या छाटल्या म्हून तर नाय?" मॅडमनी पुन्हा दुर्बीण डोळ्यांना लावली. त्यांना खरंच माहीत नव्हतं. असं अख्खं खोड एका दिवसात छाटल्याचं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं असणार?

गुरुवारीही काही नाही. नववा दिवस. नवसाबाई खोडावरचे वण एकेक करून चाचपत फिरली. कोयता माझा. अंगठाही माझा. संस्थेची माणसं कागद करून मोकळी झाली, प्राचार्य शब्द देऊन मोकळे झाले, पण झाड मारलं असेल तर ते मीच, दोन्ही वेळा माझ्याच हाताने, असं तिला वाटत राहिलं. घरी देवराम म्हणाला, "झाडच हाय ना ते?" ती त्याच्या अंगावर अशी धावली की बिचारा ताट घेऊन ओट्यावर जाऊन बसला.

शुक्रवारी साडेनऊलाच कंत्राटदाराचा टेम्पो आला. करवतीचं मशीन, दोर, कुऱ्हाडी. झाडावर चढणारा गडी उतरला आणि नवसाबाईने त्याला ओळखलं. मंगळू. तिच्या पाड्यापासून कोसभरावरचा. त्यानेही तिला ओळखलं.

"नवसाबाय, तू हितं?"

"मंगळू, वर जाशील तवा नीट बघ रं. झाड जितं हाय का बघ."

"कंत्राटदार खाली हुभा हाय बाय. माझ्या हातात काय?"

"बघ म्हनले, तोड नको म्हनले नाय. नुस्तं बघ."

मंगळूने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. प्राचार्य बाहेर आले. त्यांनी वर पाहिलं, मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, पण नवसाबाईकडे पाहिलं नाही. मॅडम पदर तोंडाला लावून उभ्या. परीक्षा संपलेली पोरंही थांबली होती. दहाला पाच कमी. दहा. प्राचार्यांनी कंत्राटदाराला मानेने खूण केली.

मंगळू दोर खांद्यावर टाकून चढला. खोडावरच्या वणांवर पाय देत तो सरसर वर गेला. आधी शेंड्याच्या फांद्या उतरवायच्या, मग बुंधा. तो पहिल्या फांदीवर बसला, दोर बांधला, मशीन वर ओढून घेतलं. मशीन घरघरलं. नवसाबाईने डोळे गच्च मिटले. आपली आई गेली तेव्हाही तिने डोळे मिटले नव्हते.

घरघर अचानक थांबली आणि वरून आरोळी आली.

"डोळे फुटले! अगं बाय, डोळे फुटले!"

खाली एकच गलका उडाला. प्राचार्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "मशीन बंद करा! रिक्षा बोलवा! अरे कुणीतरी वर जा, त्याला धरा, पडेल तो!" मुली किंचाळल्या, वॉचमन फाटकाकडे धावला, कंत्राटदाराने दोराला हात घातला. एका मास्तरांनी तर जवळच्या डोळ्याच्या दवाखान्याचा पत्ताही सांगायला सुरुवात केली.

आणि या सगळ्या धांदलीत नवसाबाई जमिनीवर बसून हसत होती. हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

प्राचार्य संतापले. "हसता काय, बाई? माणसाचे डोळे गेले!"

"त्याचं नाय, सायेब," नवसाबाई म्हणाली. "झाडाचं. झाडाला डोळे फुटलं."

प्राचार्यांचा जन्म शहरात गेलेला. ऊस लावणाऱ्या, कलम बांधणाऱ्या माणसाला कोंब म्हणजे डोळा हे सांगावं लागत नाही. यांना मॅडमनी सांगितलं, तेही हुंदका आवरत. तोवर मंगळू काखेत एक फांदी धरून खाली उतरला होता. त्याचे डोळे अगदी शाबूत होते, आणि खाली जमलेली गर्दी बघून ते आणखी मोठे झाले होते.

त्याने फांदी प्राचार्यांच्या हातात दिली. शेंड्यापाशी चिमणीच्या चोचीसारखे टोकदार कोंब होते, करड्या खवल्यांतून हिरवं डोकावणारे. उन्हात खालून दिसणं शक्यच नव्हतं.

"हे पान नाही," कंत्राटदार म्हणाला. "सर, पान ठरलं होतं."

सगळे प्राचार्यांकडे बघू लागले. त्यांनी चष्मा वर केला, नखाने एका कोंबाचं खवलं हळूच सोडवलं. आत घडी घातलेलं, बोटाच्या पेराएवढं, ओलसर हिरवं काहीतरी होतं. त्यांनी ते तळहातावर उलगडलं. मधली शीर दिसली, कडा दिसल्या.

"पान आहे," प्राचार्य म्हणाले. "टेम्पो घेऊन जा."

सोमवारपर्यंत झाड हिरवं झालं. इतकं की मेलेलं म्हणणाऱ्यांनी फाटकातून जाताना मान खाली घालावी. शेड मागच्या मैदानावर गेली. झाडाभोवती कठडा झाला, वर जाळी ताणली, आणि इथे काही बांधू नये अशी पाटी लागली. पाटी वाचूनही दोघा-तिघांनी कठड्याला चिंध्या बांधल्या. असो.

जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा जुना कागद रद्द करायला नवा कागद करावा लागला. तो मॅडमनी लिहिला आणि झाडाखालीच आणला. नवसाबाईने शाईच्या डबीला हात लावला नाही. "आधी वाचा," ती म्हणाली. मॅडमनी वाचला. "पुन्यांदा वाचा. सावकाश." मॅडमनी पुन्हा वाचला, एकेक शब्दाचा अर्थ सांगत. "त्यात त्यो वठलेला नाय ना कुठं?" मॅडमनी तिसऱ्यांदा सगळ्या ओळींवरून बोट फिरवून दाखवलं. मग तिने अंगठा उमटवला, इतक्या जोरात की कागदाला खळगा पडला.

बोटाची शाई पुसायला तिने सवयीने खोडाला अंगठा घासला, आणि काहीतरी टोचलं. तिने वाकून पाहिलं. तिच्याच कोयत्याचा वण होता तो. काळपट, सुकलेला. आणि त्याच्या कडेतून हरभऱ्याच्या दाण्याएवढा हिरवा कोंब आला होता. शेजारच्या वणातून दुसरा. वर तिसरा. तिने कमरेपासून डोक्यापर्यंत हात फिरवला. जिथे जिथे तिने छाटलं होतं, तिथे तिथे कोंब फुटत होता.

तिने खोडाला कपाळ टेकलं. "म्या तोडलं रं," ती म्हणाली, "म्याच तोडलं व्हतं." आणि मग तीन महिने छातीवर बसलेला दगड उतरला आणि ती मोठ्याने, लाज न बाळगता रडली. मॅडम जवळ आल्या. त्यांनी कोंब पाहिले आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

बऱ्याच वेळाने नवसाबाईने पदराने तोंड पुसलं.

"मॅडम, तुमच्याकडं जुनं काळं कापड हाय का?"

"काळं? कशाला?"

"फळं धरतील आता. चिंध्या लागतील. काळी कुनी नवसाला बांधीत नाय."